कन्स्ट्रक्टर आणि डिस्ट्रक्टर: ऑब्जेक्ट नेमका ‘तयार’ कधी होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘कन्स्ट्रक्टर सुरुवातीच्या व्हॅल्यू भरतो आणि डिस्ट्रक्टर मेमरी मोकळी करतो, एवढंच शिकवलं गेलं. मग हेच काम इनिट आणि क्लीनअप अशी दोन साधी फंक्शन्स लिहून का भागत नाही? जावात तर डिस्ट्रक्टरच नाही, तरी त्यांचं अडत नाही. आणि इंटरव्ह्यूत जो तो व्हर्च्युअल डिस्ट्रक्टरबद्दलच का विचारतो?’

उत्तर मुख्यतः सी++ धरून देतो, कारण या दोघांचा संसार तिथेच पूर्णपणे उघडा दिसतो. बाकी भाषांकडे नंतर वळू.

आधी त्या व्याख्येबद्दल. कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन आणि डिस्ट्रक्टर म्हणजे तो संपताना आपोआप चालणारं, एवढं धरून चाला. कन्स्ट्रक्टर व्हॅल्यू भरतो असं म्हणतात, पण एखाद्या क्लासमध्ये नुसते तीन इंट मेंबर ठेवा, रिकामा कन्स्ट्रक्टर लिहा आणि फंक्शनच्या आत त्याचा लोकल ऑब्जेक्ट बनवा. कन्स्ट्रक्टर चालेल, आणि त्या तिन्ही इंटमध्ये कचरा असेल. म्हणजे व्हॅल्यू भरणं हे त्याचं आपोआप होणारं काम नाही, तुम्ही सांगाल तरच तो ते करतो. त्याचं खरं काम वेगळं आहे. आत शिरताना त्याच्या हाती नुसती कच्ची मेमरी असते आणि तो बाहेर पडतो तेव्हा वापरण्याजोगा ऑब्जेक्ट तयार असायला हवा. बियार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी 1979 साली बेल लॅब्समध्ये ‘सी विथ क्लासेस’ सुरू केलं तेव्हापासून कल्पना हीच होती: क्लासच्या मेंबर फंक्शन्सना ज्या परिस्थितीत काम करायचं ती परिस्थिती एकाने उभी करायची आणि दुसऱ्याने ती मोडायची.

इनिट फंक्शनची अडचण इथेच येते. इनिट वेगळं ठेवलंत की ऑब्जेक्टच्या दोन अवस्था होतात, इनिट झालेला आणि न झालेला. मग क्लासमधल्या प्रत्येक फंक्शनला पहिल्या ओळीत विचारावं लागतं, ‘झालंय का इनिट?’ कोणी दोनदा बोलावलं तर काय, अर्ध्यात फसलं तर काय, फसल्यावर पुन्हा बोलावलं तर काय, हे सगळं ठरवत बसायचं. आणि हे ठरवणारा एक माणूस असतो, वापरणारे दहा. कन्स्ट्रक्टर असला की हा प्रश्नच उद्भवत नाही: ऑब्जेक्ट हातात आला म्हणजे तो तयारच आहे. जुन्या कोडमध्ये ‘इज-इनिशियलाइज्ड’ नावाचा बूलियन दिसला की मी तो क्लास दोनदा वाचतो. त्या बूलियनचा विसर पडलेली एखादी तरी वाट त्यात सापडतेच.

आता नियम सांगतो. तो एकच आहे आणि पुढचं जवळजवळ सगळं त्यातूनच निघतं. ऑब्जेक्टचं आयुष्य कन्स्ट्रक्टर पूर्ण झाल्यावर सुरू होतं आणि डिस्ट्रक्टर सुरू होताच संपतं. ‘सुरू झाल्यावर’ आणि ‘पूर्ण झाल्यावर’ यांतला फरक नीट लक्षात घ्या. बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक छोटा प्रयोग करा. एक बेस क्लास, त्यातून काढलेला एक डिराइव्ह्ड क्लास, आणि डिराइव्ह्डमध्ये अ आणि ब असे दोन मेंबर, तेही स्वतंत्र क्लासचे. चौघांच्याही कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरमध्ये एकेक ओळ प्रिंट करा. एक लोकल ऑब्जेक्ट बनवून फंक्शन संपवलं की आउटपुट असं येतं:

बेस तयार
अ तयार
ब तयार
डिराइव्ह्ड तयार
डिराइव्ह्ड मोडला
ब मोडला
अ मोडला
बेस मोडला

उलटा क्रम शोभेसाठी नाही. ब तयार होत होता तेव्हा अ तयार होता, म्हणून ब हा अ वर विसंबलेला असू शकतो. म्हणून अ च्या आधी ब गेला पाहिजे.

आता डिराइव्ह्डच्या कन्स्ट्रक्टरच्या शेवटी, ‘डिराइव्ह्ड तयार’ ही ओळ छापण्याआधी, एक एक्सेप्शन थ्रो करा आणि बाहेर ते पकडा. आउटपुट बदलतं:

बेस तयार
अ तयार
ब तयार
ब मोडला
अ मोडला
बेस मोडला

‘डिराइव्ह्ड मोडला’ ही ओळ येतच नाही. कंपायलर इथे काही विसरलेला नाही, तो नियम काटेकोरपणे पाळतोय. डिराइव्ह्डचा कन्स्ट्रक्टर पूर्ण झाला नाही, म्हणजे त्याचं आयुष्य सुरूच झालं नाही. जे जन्मालाच आलं नाही त्याचा डिस्ट्रक्टर कसा चालणार? बेस, अ आणि ब मात्र आपापल्या परीने पूर्ण तयार झाले होते, म्हणून त्यांचे डिस्ट्रक्टर बरोबर उलट्या क्रमाने चालले.

याचा रोजच्या कोडवर होणारा परिणाम फार मोठा आहे. समजा क्लासमध्ये दोन साधे पॉइंटर आहेत. कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही दोन्हींसाठी एकामागून एक न्यू करता, म्हणजे मेमरी मागता, आणि डिस्ट्रक्टरमध्ये दोन्ही डिलीट करता, म्हणजे ती परत देता. दिसायला चोख. पण दुसऱ्या न्यूने एक्सेप्शन फेकलं तर? डिस्ट्रक्टर चालणार नाही, आणि पॉइंटर हा मेंबर म्हणून ‘मोडला’ तरी पॉइंटर मोडणं म्हणजे त्याच्या टोकाची मेमरी सोडणं नव्हे. पहिली मेमरी गळाली. लोक यावर कन्स्ट्रक्टरच्या आत ट्राय-कॅच घालतात. चालतं, पण तिसरा रिसोर्स आला की ते जाळं हाताबाहेर जातं. योग्य उपाय म्हणजे प्रत्येक रिसोर्सला त्याचा स्वतःचा मालक द्या: युनिक पॉइंटर (स्वतः मोडताना आपली मेमरीही सोडणारा पॉइंटर), व्हेक्टर, किंवा तुमचा छोटा वेगळा क्लास. मग प्रत्येक जण मेंबर म्हणून स्वतंत्रपणे ‘पूर्ण’ होतो आणि वर पाहिल्याप्रमाणे आपोआप मोडला जातो. तुमचा डिस्ट्रक्टर लिहायची गरजच उरत नाही.

या नियमाची खात्री पटवणारा एक कोपरा आहे. सी++11 पासून एक कन्स्ट्रक्टर आपलं काम त्याच क्लासच्या दुसऱ्या कन्स्ट्रक्टरवर सोपवू शकतो. ज्याच्यावर सोपवलं तो पूर्ण झाला आणि मग सोपवणाऱ्याच्या बॉडीत एक्सेप्शन आलं, तर मात्र डिस्ट्रक्टर चालतो. एक कन्स्ट्रक्टर पूर्ण झालाय, म्हणजे ऑब्जेक्ट तयार झालाय. इंटरव्ह्यू घेताना मला व्हर्च्युअल डिस्ट्रक्टरपेक्षा हा प्रश्न जास्त आवडतो, कारण पाठांतराने तो सुटत नाही.

आता मेंबर्सच्या क्रमाकडे या. एका बगचं चित्र जवळून दाखवतो, कारण रिव्ह्यूमध्ये हा पुन्हा पुन्हा दिसतो. क्लासमध्ये वर लिहिलंय ‘बफर’ हा पॉइंटर, त्याखाली ‘आकार’ हा इंट. कन्स्ट्रक्टरच्या इनिशियलायझर लिस्टमध्ये (बॉडीच्या आधी मेंबर्सना व्हॅल्यू देणाऱ्या यादीत) मात्र आधी आकारात 4096 घातलाय आणि मग बफरसाठी आकार वापरून न्यू केलंय. वाचताना सगळं सुसंगत वाटतं. प्रत्यक्षात मेंबर तयार होण्याचा क्रम क्लासमध्ये ते ज्या क्रमाने लिहिले त्यावर ठरतो, लिस्टमधल्या क्रमावर नाही. म्हणून आधी बफर तयार होतो, त्या क्षणी आकारात जे काही पडलेलं असेल तेवढ्या बाइट्सची मागणी जाते, आणि मग आकारात 4096 लिहिलं जातं. डीबगरमध्ये थांबून पाहिलं तर आकार 4096 च दिसतो, त्यामुळे शंका येत नाही. कधी कोड तासन् तास चालतो, कधी पहिल्याच फेरीत आपटतो. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर रीऑर्डरची वॉर्निंग देतात. ती बंद करू नका, आणि लिस्टचा क्रम क्लासमधल्या क्रमाशी जुळवून ठेवा.

क्रम असा पक्का का ठेवला? कन्स्ट्रक्टर अनेक असू शकतात, डिस्ट्रक्टर एकच. प्रत्येक कन्स्ट्रक्टरने आपला वेगळा क्रम ठेवला असता तर उलटा क्रम नेमका कोणाचा धरायचा हे डिस्ट्रक्टरला कळलंच नसतं.

जाता जाता: कन्स्ट्रक्टरचा महिरपी कंस उघडतो तेव्हा सगळे मेंबर आधीच तयार झालेले असतात. बॉडीत जे लिहाल ते असाइनमेंट, म्हणजे दुसऱ्यांदा केलेलं काम. कॉन्स्ट आणि रेफरन्स मेंबर्सना तर ती सोयही नाही.

तोच नियम व्हर्च्युअल फंक्शनलाही, म्हणजे डिराइव्ह्ड क्लास ज्याचं स्वतःचं व्हर्जन देऊ शकतो (ओव्हरराइड करू शकतो) अशा फंक्शनलाही, लागतो. बेसच्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल फंक्शन बोलावलं, तर सी++मध्ये बेसचंच व्हर्जन चालतं, डिराइव्ह्डने ओव्हरराइड केलेलं असलं तरी. कारण त्या घडीला डिराइव्ह्डचे मेंबर जन्माला आलेलेच नाहीत. त्यांच्यावर काम करणारं फंक्शन चालवणं म्हणजे कचऱ्यावर काम करणं. ऑब्जेक्ट त्या क्षणी खरोखरच फक्त बेस आहे. डिस्ट्रक्टरमध्येही हेच, उलट दिशेने. जावाने इथे दुसरा रस्ता धरला. तिथे डिराइव्ह्डचं ओव्हरराइड केलेलं मेथडच चालतं, पण डिराइव्ह्डमध्ये जिथे फील्ड लिहितानाच व्हॅल्यू दिली आहे ते इनिशियलायझर अजून चालायचे असतात. त्यामुळे फील्डला व्हॅल्यू दिलेली डोळ्यांना दिसते, आणि त्या मेथडमध्ये तीच फील्ड नल निघते. दोन्ही भाषांसाठी माझा सल्ला एकच: कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकेल असं काहीही बोलावू नका.

आता डिस्ट्रक्टर. ‘मेमरी मोकळी करतो’ ही व्याख्या इथे जास्तच दिशाभूल करते. मेमरी हा त्याच्याकडच्या कामांपैकी सर्वांत कंटाळवाणा भाग. त्याचं खरं मोल वेळेत आहे: स्कोप संपला की त्याच क्षणी तो चालतो, मग तुम्ही रिटर्नने बाहेर पडा, ब्रेकने पडा किंवा एक्सेप्शन उडून पडा. म्यूटेक्सचं (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाचं) लॉक सोडणं, फाइल बंद करणं, डेटाबेसचा अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे घेणं, सॉकेट बंद करणं, या सगळ्या कामांना ‘कधीतरी’ चालत नाही, ‘आत्ता’ लागतं. रिसोर्स मिळवणं कन्स्ट्रक्टरला बांधायचं आणि सोडणं डिस्ट्रक्टरला, या पद्धतीला सी++वाले आरएआयआय (रिसोर्स अ‍ॅक्विझिशन इज इनिशियलायझेशन) म्हणतात. नाव बोजड आहे, पण भाषेतली सर्वांत कामाची कल्पना हीच.

तिच्यातही खाचा आहेत. लॉकगार्ड (लॉक घेऊन स्कोप संपताच सोडणारा ऑब्जेक्ट) बनवताना व्हेरिएबलला नाव द्यायला विसरलात तर तो टेम्पररी, म्हणजे त्या ओळीपुरताच जगणारा, ऑब्जेक्ट होऊ शकतो. त्याचा कन्स्ट्रक्टर लॉक घेतो आणि त्याच ओळीच्या सेमीकोलनवर त्याचा डिस्ट्रक्टर लॉक सोडतो. पुढच्या ओळी उघड्यावर चालतात. कोड कंपाइल होतो, टेस्टही पास होतात, आणि डेटा बिघडतो तो गर्दीच्या वेळी.

दुसरी खाच: डिस्ट्रक्टरला काही परत सांगता येत नाही. त्याला रिटर्न व्हॅल्यू नाही. सी++11 पासून डिस्ट्रक्टर मुळातच नोएक्सेप्ट, म्हणजे एक्सेप्शन बाहेर न सोडणारा, धरला जातो, त्यातून एक्सेप्शन बाहेर पडलं तर प्रोग्रॅम टर्मिनेट होतो. आणि तसं असणंच बरं, कारण एका एक्सेप्शनमुळे स्टॅक उलगडत (म्हणजे एकामागून एक फंक्शन सोडत, त्यांतले लोकल ऑब्जेक्ट मोडत) असताना दुसरं उडालं तर कोणाचं ऐकायचं? पण याची किंमत आहे. आउटपुट फाइल स्ट्रीमचा डिस्ट्रक्टर फाइल बंद करतो, बफरमध्ये राहिलेलं लिहायचा प्रयत्नही करतो. डिस्क भरलेली असेल आणि ते शेवटचं लिहिणं फसलं, तर तो गप्प राहतो. महत्त्वाचा डेटा लिहीत असाल तर स्वतः क्लोज बोलावा आणि त्यानंतर स्ट्रीमची स्थिती तपासा. यशाच्या वाटेवर तुम्ही स्वतः बंद करायचं, अपयशाच्या वाटेवर डिस्ट्रक्टर सांभाळून घेतो, अशी वाटणी मी ठेवतो.

आणि डिस्ट्रक्टर चालेलच असंही नाही. मध्येच एक्झिट फंक्शन बोलावलंत तर ग्लोबल आणि स्टॅटिक ऑब्जेक्ट्सचे डिस्ट्रक्टर चालतात, पण चालू फंक्शन्समधल्या लोकल ऑब्जेक्ट्सचे नाही. अबॉर्टमध्ये कोणाचेच नाही. एक्सेप्शन कोणीच पकडलं नाही तर स्टॅक उलगडायचा की नाही हे कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे. वीज गेली तर अर्थातच काही नाही. म्हणून टेम्पररी फाइल पुसण्याचं काम डिस्ट्रक्टरला जरूर द्या, पण मागच्या खेपेची राहिलेली फाइल पुढच्या खेपेला सापडेल हेही धरून चाला.

जावाचं अडत नाही हे अर्धंच खरं. गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप परत घेणारी यंत्रणा) मेमरी सांभाळतो, पण तीही त्याला वाटेल तेव्हा. फाइल आणि कनेक्शनचं काय? त्यासाठी जावात फायनलाइज होतं, आणि ते कधी चालेल, चालेल की नाही, याची हमी कधीच नव्हती. जावा 9 मध्ये, 2017 साली, ते डेप्रिकेट झालं आणि 2022 च्या जावा 18 मध्ये पुढे काढून टाकण्याच्या यादीत गेलं. त्याआधीच, 2011 मध्ये, जावा 7 ने ट्राय-विथ-रिसोर्सेस आणलं, म्हणजे स्कोप संपताच क्लोज बोलावण्याची सोय. सी शार्पमधलं यूझिंग आणि पायथॉनमधलं विथ हेही त्याच जातीचं. म्हणजे डिस्ट्रक्टर नको म्हणून बाहेर काढला, पण त्याचं वेळेवर चालणं सगळ्यांनाच मागच्या दाराने आत घ्यावं लागलं. फरक एवढाच, की तिथे वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी ते आठवणीने लिहावं लागतं, तर सी++मध्ये क्लास लिहिणाऱ्याने एकदा लिहिलं की झालं. सी शार्पमध्ये टिल्डाचं चिन्ह लावून जे लिहितात ते दिसायला हुबेहूब सी++च्या डिस्ट्रक्टरसारखं आहे. फसू नका, ते फायनलायझर आहे आणि गार्बेज कलेक्टरच्या मर्जीने चालतं.

रस्टने कन्स्ट्रक्टर असा वेगळा ठेवलाच नाही. सगळी फील्ड्स एकदम दिल्याशिवाय स्ट्रक्ट बनतच नाही, त्यामुळे अर्धवट ऑब्जेक्टची भानगड मुळातच मिटते. ड्रॉप, म्हणजे त्यांचा डिस्ट्रक्टर, मात्र आहे, आणि वेळेवर चालतो. सी++मधून रस्टकडे जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: लोकल व्हेरिएबल्स उलट्या क्रमाने ड्रॉप होतात, पण स्ट्रक्टची फील्ड्स लिहिलेल्या क्रमानेच. सवयीने उलटं गृहीत धराल.

आता इंटरव्ह्यूचा लाडका प्रश्न. बेसच्या पॉइंटरमधून डिराइव्ह्ड ऑब्जेक्ट डिलीट केला आणि बेसचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल नसेल, तर काय होतं? ‘फक्त बेसचा डिस्ट्रक्टर चालतो आणि मेमरी लीक होते’ हे उत्तर सर्रास दिलं जातं. अनेकदा तसं घडतंही. पण स्टँडर्डप्रमाणे ते अनडिफाइन्ड बिहेविअर आहे, म्हणजे काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. मल्टिपल इनहेरिटन्स असेल तर पॉइंटरचा पत्ताच ऑब्जेक्टच्या मधोमध कुठेतरी असू शकतो आणि हीप तिथेच उद्ध्वस्त होतो. उपाय सोपा: ज्या बेसमधून डिलीट होणार आहे त्याचा डिस्ट्रक्टर पब्लिक आणि व्हर्च्युअल ठेवा, ज्यातून होऊच नये त्याचा प्रोटेक्टेड ठेवा, म्हणजे कंपायलरच अडवेल. सगळ्याच क्लासना सरसकट व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर लावू नका. ज्या क्लासमध्ये दुसरं काहीच व्हर्च्युअल नाही, त्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये विनाकारण एक पॉइंटर वाढतो.

यात एक गंमत आहे. मेक-शेअर्डने डिराइव्ह्ड बनवून तो बेसच्या शेअर्ड पॉइंटरमध्ये (अनेक मालक असू शकणाऱ्या पॉइंटरमध्ये) ठेवला, तर व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर नसतानाही सगळं नीट मोडतं, कारण नेमकं काय मोडायचं हे बनवतानाच त्याने लक्षात ठेवलेलं असतं. युनिक पॉइंटर तसं करत नाही. म्हणून ‘शेअर्ड महाग आहे, युनिक वापरूया’ असा बदल एखाद्याने निर्मळ मनाने केला की झाकलेला बग वर येतो.

शेवटी, क्लासमध्ये रिकामा डिस्ट्रक्टर ‘असू दे, बरा दिसतो’ म्हणून लिहिण्याची सवय सोडा. तुम्ही डिस्ट्रक्टर जाहीर केला, रिकामा का असेना, की कंपायलर मूव्ह कन्स्ट्रक्टर आणि मूव्ह असाइनमेंट (कॉपी न करता आतला डेटा नव्या ऑब्जेक्टकडे सोपवणारी फंक्शन्स) आपणहून बनवणं थांबवतो. एरर येत नाही. जिथे मूव्ह व्हायचं तिथे गुपचूप कॉपी होऊ लागते. मोठा व्हेक्टर पोटात असलेला क्लास दुसऱ्या व्हेक्टरमध्ये ठेवलात आणि तो वाढला, की प्रत्येक वाढीला सगळा डेटा पुन्हा उतरवला जातो. प्रोफायलरमध्ये वेळ कुठे गेला हे दिसतं, का गेला हे नाही. खरोखर डिस्ट्रक्टर लिहावा लागलाच, तर दोन्ही कॉपी आणि दोन्ही मूव्ह यांचं काय करायचं तेही तिथेच लिहा: स्वतः लिहा, डीफॉल्ट करा किंवा डिलीट करा. नाहीतर आत पॉइंटर असलेल्या क्लासची आपोआप बनलेली कॉपी तोच पत्ता दोघांकडे देते, आणि दोघांचे डिस्ट्रक्टर एकच मेमरी दोनदा सोडतात.